आपोआप की हाताने? इन्स्टॉलरच्या एका पडद्याविषयी

मंडळी, आधी एक खुलासा. बाहेरच्या फलकावर नुसतं ‘नेटवर्क सेटअप’ लिहिलंय, त्यामुळे मागच्या दोन रांगांत काही चेहरे वायफायचा पासवर्ड मिळेल या आशेने बसलेले दिसतायत. तो मलाही कुणी दिलेला नाही.

मला बोलायचंय ते एका पडद्याबद्दल. ऑपरेटिंग सिस्टिम बसवायला घेतली, भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, की इन्स्टॉलर नेटवर्कपाशी येतो. तिथे त्याने बसवणाऱ्याला विचारावं का, की सेटिंग आपोआप घेऊ की तुम्ही स्वतः भरताय? या वादाची गाडी दरवेळी त्याच वळणावर जाते. नवख्यांना आपोआप द्या, जाणकारांना हाताने भरू द्या. मला वाटतं, आपण भलत्याच ठिकाणी भांडतोय. आपोआपचा प्रयत्न फसला तर पुढे काय, याचं उत्तर इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांनी केव्हाच शोधून ठेवलंय. तो प्रयत्न चुकीच्या रीतीने यशस्वी झाला तर काय, इकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष गेलंय. आज त्यावर बोलते. तीन मुद्दे आहेत, ते शेवटी नीट मांडते. आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे नमनाला घडाभर तेल.

इथल्या चाळिशीपुढच्या मंडळींनी विंडोज एक्सपी बसवलेला असणार. करा बरं हात वर. छान. आता ज्यांनी परवान्याची प्रत वापरली होती त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) बरं, राहू द्या. तर तो ‘अंदाजे ३९ मिनिटे’वाला पडदा आठवतो ना? त्यातच पुढे नेटवर्कचा प्रश्न यायचा: टिपिकल सेटिंग्ज की कस्टम सेटिंग्ज? टिपिकलच्या खाली बारीक मजकुरात लिहिलेलं असायचं की पत्ता, म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखायचा आयपी क्रमांक, आपोआप घेतला जाईल. तो मजकूर कुणी वाचला? सगळ्यांनी नेक्स्ट दाबलं. आणि ज्या ऑफिसात डीएचसीपी सर्व्हरच नाही, म्हणजे मागेल त्या मशीनला पत्ता वाटणारं यंत्रच नाही, तिथे ते मशीन १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देऊन मोकळं व्हायचं. ही सोय विंडोज ९८ पासूनची. २००५ मध्ये ती इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजांत, आरएफसी ३९२७ म्हणून, रीतसर प्रमाणही झाली. त्या पत्त्याने शेजारच्या तशाच मशीनशी बोलता येतं, राउटरच्या पलीकडे जाता येत नाही. आजही ‘मॅडम, नेट चालत नाही’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, पत्ता एकशे एकोणसत्तरने सुरू होतोय का? अर्धं निदान तिथेच होतं.

त्याच्याही आधीची तऱ्हा वेगळी. १९८५ ची बूटपी ही पत्ते वाटायची जुनी रीत होती, पण त्यात प्रत्येक नेटवर्क कार्डाचा क्रमांक सर्व्हरवर आधी नोंदवून ठेवायला लागायचा. ओळखीचं कार्ड आलं तरच पत्ता. डीएचसीपी आला १९९३ मध्ये. आज आपण ज्याच्या आधारावर चालतो तो राल्फ ड्रोम्स यांचा आरएफसी २१३१ मार्च १९९७ चा. त्यात अनोळखी मशीनलाही मुदतीच्या बोलीवर पत्ता मिळायला लागला. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या इन्स्टॉलरनी हाताने भरायला लावलं, यात त्यांची काही चूक नव्हती. दुसरा भरवशाचा मार्गच सगळीकडे पोचला नव्हता. राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. काही जुने इन्स्टॉलर पत्ता आणि नेटमास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) घेऊन झाल्यावर ब्रॉडकास्ट ॲड्रेस, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता, तोसुद्धा विचारायचे. अरे, पत्ता आणि मास्क दिलाय ना? मग तो तूच काढ! तुझ्यासमोर कॉम्प्युटर आहे, माझ्यासमोर कागद!

आता डेबियन या लिनक्सकडे येते, कारण आमच्या लॅबमध्ये तेच आहे आणि मला त्याचा इन्स्टॉलर मनापासून आवडतो. जून २००५ मध्ये डेबियन ३.१, म्हणजे सार्ज, नव्या इन्स्टॉलरसह आलं. त्यात नेटवर्कचं काम पाहणारा भाग नेटसीएफजी. साध्या मार्गाने गेलात तर तो काही विचारत नाही, सरळ डीएचसीपीची हाक मारून पाहतो. एक्स्पर्ट मोडमध्ये गेलात तर आधी विचारतो, आपोआप करू का? आणि तिथेच सांगूनही ठेवतो की जमलं नाही तर हाताने भरायची संधी देईन. डीएचसीपी फसला की चार पर्याय समोर येतात: पुन्हा प्रयत्न कर, होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, देऊन पुन्हा प्रयत्न कर, हाताने भर, आत्ता नेटवर्क नकोच. हा चार ओळींचा पडदा ज्याने कुणी बेतला त्याला माझा नमस्कार. अपयशानंतर माणसाला जे जे करावंसं वाटेल ते सगळं त्यात आहे.

जाता जाता सांगते, हा इन्स्टॉलर मराठीतूनही चालतो. मात्र त्यासाठी ग्राफिकल रूप घ्यावं लागतं, जे एप्रिल २००७ च्या डेबियन ४.० पासून मिळतं. नुसत्या मजकुराच्या पडद्यावर आपली जोडाक्षरं उमटत नाहीत. ज्यांनी रात्री जागून ती वाक्यं मराठीत आणली त्यांचे आभार कुणी मानत नाही, म्हणून मी आत्ता मानते. टाळ्या वाजवायला हरकत नाही.

त्या चारांतला पहिला पर्याय, ‘पुन्हा प्रयत्न कर’, हा काहींना बावळट वाटतो. एकदा नाही म्हटलंय, पुन्हा काय विचारायचं? पण कॉलेजातला मॅनेज्ड स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणारं, सेटिंग करता येणारं यंत्र, आठवा. तार लावली की त्यावरचा स्पॅनिंग ट्री आधी खात्री करतो की आपण कुठे गोल फिरत नाही ना. त्याच्या मूळ प्रमाणाच्या, ८०२.१डीच्या, हिशेबात पंधरा सेकंद ऐकणं आणि पंधरा सेकंद शिकणं. ही वाट टाळणारी पोर्टफास्टची सोय लावलेली नसेल तर पहिली तीस सेकंदं त्या पोर्टातून तुमचं एक पाकीटही पुढे जात नाही. इन्स्टॉलर बिचारा हाका मारतो, स्विच त्या गिळतो, इन्स्टॉलर थकून सांगतो की डीएचसीपी नाही. सर्व्हर तर जागेवर आहे! दुसऱ्यांदा एंटर मारलं की लगेच पत्ता मिळतो आणि मुलं म्हणतात, मॅडमच्या हाताला गुण आहे. मी नाकारत नाही. डेबियनच्या नमुना प्रीसीड फाइलीत (म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवायच्या फाइलीत) डीएचसीपीची वाट साठ सेकंद पाहा, अशी ओळ देऊन ठेवलीय ती अशाच प्रसंगांसाठी. ती बंद ठेवणारं सुरुवातीचं चिन्ह काढलं की झालं.

आता ती गोष्ट. आमच्या कॉलेजातली. कोणतं कॉलेज ते सांगत नाही, मला अजून तिथेच नोकरी आहे.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांची लॅब होती. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर पेनड्राइव्हमधून डेबियनची नेटइन्स्ट, म्हणजे बाकीची पॅकेजं नेटवरून आणणारी छोटी प्रत बसवायची. सगळ्यांचा नेटवर्कचा टप्पा झटक्यात पार पडला, कुणालाही तो चार ओळींचा पडदा दिसला नाही. होस्टनेम दिलं, पासवर्ड दिले, पार्टिशन केलं, मूळ सिस्टिम उतरली. नेटइन्स्टमध्ये एवढं सगळं पेनड्राइव्हमधूनच येतं, नेटवर्क लागतंच असं नाही. त्यानंतर पॅकेजांचा मिरर, म्हणजे ती जिथून उतरवायची तो सर्व्हर, निवडायची वेळ आली आणि अर्धी लॅब अडकली. मिररपर्यंत पोचता येत नाही, असा संदेश. मुलांनी मिरर बदलला. दुसऱ्या देशाचा घेतला. तिसऱ्या देशाचा घेतला. एकाने तर पट्टीत दिसतील ते सगळे देश पालथे घातले, तेवढ्या वेळात त्याचं जगाच्या भूगोलाचं जर्नल पूर्ण झालं असतं. उरलेल्या अर्ध्या लॅबचं मात्र सुरळीत चाललेलं. तोच स्विच, तेच केबल, तीच पेनड्राइव्ह.

मग मी एका मशीनवर दुसरा कन्सोल उघडला आणि पत्ता पाहिला. १९२.१६८.० ने सुरू होणारा. आमच्या कॉलेजात सगळे पत्ते दहाने सुरू होतात. हे मलाच माहीत आहे असं नाही. लॅबमध्ये आमचे काका आहेत, लॅब असिस्टंट. स्टॅटिक आयपींची वही त्यांच्या ड्रॉवरमध्ये असते, लाल पुठ्ठ्याची, आणि त्यांच्या परवानगीशिवाय प्राचार्यांच्या प्रिंटरलाही पत्ता मिळत नाही. काकांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, हा आपला नाही.” नेटवर्किंगचा एक तासही न शिकलेला माणूस. तीन शब्दांत निकाल!

मग शोधाशोध. गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार, म्हणून १९२.१६८.०.१ सांगणारं यंत्र कुठलं? त्याच्या कार्डाचा क्रमांक काढला, स्विचच्या टेबलात तो कोणत्या पोर्टावर दिसतो ते पाहिलं, त्या पोर्टाची तार भिंतीतून कुठे जाते ते काकांनाच ठाऊक, कारण नकाशा असा काही नाहीच. तार गेली एका वरिष्ठ सरांच्या केबिनमध्ये, टेबलाखाली. तिथे घरगुती वापराचा एक छोटा वायफाय राउटर, त्यावर रुमाल. सरांना मोबाइलला रेंज मिळत नव्हती, म्हणून भाच्याने लावून दिला होता. भाच्याने भिंतीतली तार वॅनच्या (बाहेरच्या नेटच्या) जागी लॅनच्या (आतल्या मशीन्सच्या) भोकात खुपसली होती. त्यामुळे त्या राउटरचा डीएचसीपी सर्व्हर केबिनपुरता न राहता आमच्या सबंध लॅबला पत्ते वाटत सुटला होता. पत्ता मागणारं मशीन बहुतेक वेळा पहिलं उत्तर येईल ते घेतं. आमचा खरा सर्व्हर पलीकडच्या इमारतीत, मधे हाक पुढे पोचवणारा रिले. हा मात्र हाकेच्या अंतरावर. जिथे खरा आधी पोचला ती मशीन्स वाचली, बाकीच्यांना सरांचा राउटर लाभला, ज्याच्या मागे इंटरनेटच नव्हतं. सरांना आम्ही काय सांगितलं? “सर, हा राउटर खूप तापतोय, आगीचा धोका आहे.” त्यांनी स्वतःच तो घरी नेला. पुढे सगळ्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं, म्हणजे ठरवून दिलेलं पोर्ट सोडून इतर कुठूनही असे पत्ते वाटता येत नाहीत. ते आधीच करायला हवं होतं असं कुणी म्हणेल. त्याच्यासाठी लागणारे स्विच मंजूर करणाऱ्या फाइलीवर मी वेगळं भाषण देऊ शकते, त्याला दोन दिवस लागतील.

या सगळ्यात इन्स्टॉलरने काय केलं ते पाहा. त्याला पत्ता मिळाला, म्हणून त्याने पुढचा पडदा आणला: होस्टनेम सांगा. कोणता पत्ता मिळाला, गेटवे कोण, नावावरून पत्ता काढून देणारा नेमसर्व्हर कोण, एक अक्षर नाही. अपयश आलं असतं तर चार पर्याय. यश आलं, तर शून्य माहिती. आणि त्या खोट्या यशाचं बिल फाटलं कितीतरी पडद्यांनंतर, तेही बिचाऱ्या मिररच्या नावाने. एवढी एक ओळ नेटवर्कच्या टप्प्यावरच दाखवली असती, तर काकांनी मुलांना पहिल्या मिनिटालाच थांबवलं असतं.

माहीतगारांसाठी सांगते, इन्स्टॉलर होस्टनेम विचारत असताना ‘मागे जा’ दाबलंत की तो तुम्हाला परत नेटवर्कपाशी नेतो आणि हाताने भरायचा पर्याय मिळतो. डीएचसीपीची पट्टी सरकत असताना रद्द केलं तरी तिथेच पोचता. म्हणजे दार आहे. पण त्यावर पाटी नाही, आणि ज्याला शंकाच आली नाही तो मागे कशाला जाईल?

संयोजकांची चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं’. म्हणजे पाच. बरं, ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं तरी सांगू द्या, मग मुद्द्यांवर येते.

ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर दिसायला रुक्ष आहे, रंग नाही, चौकट नाही, एकामागून एक ओळी. तो विचारतो, या कार्डाचा आयपीव्ही४ पत्ता काय? कंसात सांगतो, किंवा ‘ऑटोकॉन्फ’ किंवा ‘नन’. आणि शेवटी चौकोनी कंसात ‘ऑटोकॉन्फ’ तयार ठेवलेलं असतं. पूर्वी तिथे डीएचसीपी असं लिहिलेलं असायचं. नुसतं एंटर मारलं तर आपोआप. आकडे टाइप केले तर हाताने. ‘नन’ लिहिलं तर नको. आपोआप की हाताने हा प्रश्न त्याने विचारलाच नाही, तरी दोन्हींची सोय एका ओळीत झाली. आपल्याकडे घरात आलेल्या माणसाला काकू विचारतात ना, “चहा टाकतेय हं, की कॉफी घ्याल?” ज्याला काही म्हणायचं नाही त्याला चहा मिळतो, ज्याला कॉफी हवी तो बोलतो, आणि ज्याचा उपास आहे तोही बोलतो. ‘पेय विषयक प्राधान्य स्वयंचलित ठेवावे की व्यक्तिचलित?’ असं कुणी विचारत नाही. (हशा)

आता मुद्दे, भरभर.

पहिला. प्रयत्नाच्या आधी ‘आपोआप की हाताने’ विचारणं हे बसवणाऱ्याला आठवायला लावणं आहे. नवख्याला आठवण्यासारखं काही नसतं, तो घाबरून काहीतरी दाबतो. जाणकाराला त्या क्षणी हे माहीत नसतं की या भिंतीतल्या तारेवर डीएचसीपी आहे की नाही. तेही तपासूनच कळतं, आणि तपासायला इन्स्टॉलर त्याच्याहून चांगला. म्हणून आधी तपासा. आठवायला अवघड असलेली गोष्ट समोर आल्यावर ओळखायला सोपी असते. काकांनी डीएचसीपीची व्याख्या सांगितली नसती, पण परका पत्ता ओळखला.

दुसरा, आणि हाच खरा. जे मिळालं ते दाखवा, आणि दाखवलेल्या जागीच बदलू द्या. उबुंटूचा सर्व्हर इन्स्टॉलर, २०१८ पासूनचा नवा, हे बऱ्यापैकी करतो. कार्डांची यादी, प्रत्येकासमोर डीएचसीपीने मिळालेला पत्ता, आणि त्याच ओळीवर जाऊन स्वयंचलितचं मॅन्युअल करता येतं. तिथेही एक खोच आहे. सबनेटच्या खान्यात लोक सवयीने २५५.२५५.२५५.० लिहितात आणि तो म्हणतो, नाही, १९२.१६८.१.०/२४ अशा रूपातच द्या. अरे, दोन्ही समजून घे ना! तेवढं गणित तुला येतं. शिवाय डीएचसीपीने जे दिलं ते हाताच्या फॉर्ममध्ये आधीच भरून द्यावं. बहुतेकांना फक्त शेवटचा आकडा बदलायचा असतो, वहीत लिहिलेला, आणि त्यासाठी गेटवे, नेमसर्व्हर सगळं पुन्हा टाइप करायला लावलं की चुका तिथेच होतात. गेटवेपर्यंत पोचता येतं का, एखाद्या नावाचा पत्ता सापडतो का, हेही तिथेच पाहून घ्यावं, पार्टिशन करायच्या आधी. तपासणी नापास झाली तरी अडवू नये, फक्त सांगावं. कारण बंदिस्त नेटवर्कमध्ये ती नापासच होणार, आणि तिथे तेच बरोबर असतं.

तिसरा. ‘नको’ हेही उत्तर आहे, आणि ते लपवायचं नाही. विंडोज ११ होम ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हापासून पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट मागते. लोक शिफ्ट एफ१० दाबून बायपासएनआरओ नावाची स्क्रिप्ट चालवून सुटका करून घ्यायचे. मार्च २०२५ मध्ये चाचणी आवृत्तीतून ती स्क्रिप्टच काढली. वायफाय कार्डाचा ड्रायव्हर नसलेला लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाने काय करायचं? ड्रायव्हर आणायला नेट, नेटला ड्रायव्हर. डेबियननेही या बाबतीत बरीच वर्षं लोकांना हिंडवलं, फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालायला लागणारं सॉफ्टवेअर, वेगळ्या प्रतीत ठेवून. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अधिकृत प्रतीतच येतं. दुसऱ्या टोकाला सेंटओएस ७ हे आणखी एक लिनक्स: तिथे नेटवर्कचं बटण मुळातच बंद, ते हाताने चालू केलं नाही तर इन्स्टॉल सुखरूप पार पडतं आणि नंतर कळतं की नेटवर्क नाही. ‘नको’ असू दे, पण ते माणसाने म्हटलेलं असावं, त्याच्या नकळत गृहीत धरलेलं नाही.

आयपीव्ही६ आणि एकाहून जास्त कार्डांचे सर्व्हर हे दोन भाग गाळते, संयोजक उभे राहिलेत.

एक प्रश्न घेते. हो, तुम्ही, खिडकीपाशी. शंभर मशीन्स प्रीसीडने बसवायची असतील तर हे पडदे दिसणारच नाहीत, मग फरक काय पडतो? चांगला प्रश्न आहे. तिथे आधी एक गंमत लक्षात ठेवा. प्रीसीडची फाइल तुम्ही नेटवर्कवरून आणत असाल, तर तिच्यात लिहिलेली नेटवर्कची उत्तरं इन्स्टॉलरला वेळेवर मिळतच नाहीत, कारण ती वाचायलाच आधी नेटवर्क जुळावं लागतं. म्हणून तेवढी उत्तरं बूटच्या ओळीवर द्यायची: आपोआप बंद, पत्ता, मास्क, गेटवे, नेमसर्व्हर. बाकी सगळं फाइलीत. आणि फाइलीच्या शेवटी एक छोटी आज्ञा घालून प्रत्येक मशीनचा पत्ता एका ठिकाणी नोंदवून घ्या, मग ती यादी कुणाला तरी वाचायला द्या. ओळ लांब आहे, तोंडी सांगून उपयोग नाही. फळ्यावर लिहिते, हवी त्यांनी फोटो काढा.